कपाटावरचं रॉकेट

आज सकाळीही ते आलं. महिन्याची पहिली तारीख उजाडली की येतंच. ब्रेडा शहरातल्या त्या छंदाच्या सामानाच्या दुकानाचं मेल, शेखरच्या नावानं. 'हॅलो शेखर, या महिन्यात तुझ्यासाठी नवीन', आणि खाली चित्रंच चित्रं. मॉडेल रॉकेटचे नवे संच, नव्या मोटरी, छत्र्या, गोंद, रंग, रॉकेट उभं करायच्या सळया. शेखर जाऊन कितीतरी दसरे झाले, पण त्या दुकानाला कुणी कळवलेलं नाही. कळवायचं म्हणजे मीच, आणि मी कशाला कळवतेय? जगात एक तरी जागा असू दे, जिथे त्याच्यासाठी नवा माल येतो.

मी ते मेल नीट वाचते. चष्मा लावून, चहा घेत, वरपासून खालपर्यंत. लग्न करून इथे हॉलंडात न्यूनेनला आले तेव्हा रॉकेट म्हणजे बाटलीत उभं करून वात पेटवायची, एवढंच मला ठाऊक होतं. आता विचारा. ए मोटर सगळ्यात लहान, बी तिच्या दुप्पट ताकदीची, सी तिच्याही दुप्पट. पंख बाल्साच्या लाकडाचे, नळी पुठ्ठ्याची, नाक प्लास्टिकचं. यंदा तर हरवलेलं रॉकेट सापडावं म्हणून आत ठेवायची एक चिमुकली पेटी आली आहे, पाखरासारखी चिवचिवते म्हणे. ती तेव्हा असती तर आमची निम्मी रॉकेटं मक्याच्या शेतात कुजली नसती.

हॉलमधल्या कपाटावर शेखरचं शेवटचं रॉकेट उभं असतं. पांढरी नळी, केशरी नाक, खाली तीन पंख. ते बनलं, रंगलं, त्याची पूजा झाली, आणि ते उडायच्या आधी शेखर गेला. परवापर्यंत ते उडालेलं नव्हतं, आणि मी ते उडू देणारही नव्हते. जोवर ते उडत नाही तोवर शेखरचं एक काम बाकी आहे, आणि काम अर्धवट टाकून जाणाऱ्यांतला तो नव्हे. असं माझं गणित. कुणी वेडी म्हणालं तर म्हणू दे.

शिवाय ते बोलायचं. कपाटाखाली रेडिएटर आहे. थंडी सुरू झाली की सकाळी आपोआप हीटिंग लागतं, आणि थोड्या वेळानं वर नळीत आवाज होतो. टिक. एवढाच. शेखर गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तो ऐकला तेव्हा मी ओट्यापाशी होते, आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, "काय रे?" कुणी उत्तर दिलं नाही, देणार कोण. पण मग सवयच लागली. टिक झालं की मी म्हणायची, "काय रे?" आणि कढीपत्ता टाकायची. इरा, म्हणजे आमची मुलगी, तेव्हा वरच्या खोलीत दप्तर भरत असायची, म्हणून आवाज जरा दबकाच ठेवायचे. पोरीला कशाला घाबरवा.

हे सगळं सुरू झालं ते पावसामुळे. आमच्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात ब्रेडाला शेखरच्या एका मित्राच्या मुलाचं बारसं होतं. मी नऊवारी नाही, पण चांगली पैठणी नेसलेली, हातात झबलं-टोपडं, आणि बारशाचं घर सापडायच्या आधी हा धो धो पाऊस. समोर जे दार दिसलं त्यात शिरलो. आत लाकडाचा, सुतळीचा आणि जुन्या गालिच्याचा वास होता. एका भिंतीवर विमानं, एका भिंतीवर आगगाड्या, आणि तिसऱ्या भिंतीवर रॉकेटं. शेखर त्या तिसऱ्या भिंतीपुढे जो उभा राहिला तो हलेचना.

"लहानपणी हे असलं काही मिळायचं नाही गं," तो म्हणाला.

"नशीब मिळायचं नाही. सदाशिव पेठ जाळली असतीस."

बारशाला आम्ही पोचलो तेव्हा पाळणा म्हणून संपला होता आणि घुगऱ्या गार झाल्या होत्या. शेखरच्या काखेत मात्र लांबोडकं खोकं होतं.

त्या हिवाळ्याचा वास मला अजून येतो. दुपारी चारला अंधारून यायचं. बाहेर विटांच्या घरांना पडदे नसलेल्या मोठ्या खिडक्या, प्रत्येकीत एक दिवा. आमच्या खिडकीत दिव्याखाली शेखर, आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेलं त्याचं सामान. दिवसभर हा माणूस आइंडहोवनला चिप बनवायच्या यंत्रांवर काम करायचा. तिथे केसाच्या हजाराव्या भागाची चूक चालत नाही, असं मला सांगायचा, आणि घरी येऊन पंख वाकडे चिकटवायचा. बाल्साचे पंख घासले की पांढरा भुसा उडायचा, तो वरणावर बसायचा. हिंगाची फोडणी आणि लाकडाचा गोंद असा दोन्हींचा मिळून एक वास घरभर असायचा. मी कटकट करायची. पण शनिवारी तो उशिरा आला आणि टेबल रिकामं दिसलं, तर मलाच चैन पडायचं नाही.

पहिलं रॉकेट खिळ्यासारखं चिखलात घुसलं. छत्री उघडलीच नाही. त्याचं असं असतं, की वर गेल्यावर मोटर शेवटी एक छोटा बार काढते, त्यानं नाक सुटतं आणि आतली छत्री बाहेर पडते. पुठ्ठ्याच्या नळीत खाली मोटर, तिच्यावर न जळणाऱ्या कागदाचे बोळे, त्यावर छत्री, आणि वर नाक. छत्री म्हणजे पातळ प्लास्टिकचा तुकडा आणि दोरे. शेखरनं तिचा बोळा करून कोंबला होता.

त्या संध्याकाळी मी पोळ्या करत होते आणि हा शेजारी उभा राहून त्या फाटक्या छत्रीकडे बघत होता.

"अरे, फडकं कोंबल्यासारखं काय कोंबतोस? घडी घाल," मी म्हटलं. "हे बघ. अर्धी, परत अर्धी, झाला त्रिकोण. टोक असं धरलं की सगळे पदर आपोआप सुटतात."

घडीची पोळी त्यानं आयुष्यभर खाल्ली होती, पण घडी बघितली त्या दिवशी. पुढच्या वेळी छत्री उघडली. त्यानंतर त्याची प्रत्येक छत्री माझ्या पोळीसारखीच दुमडलेली असायची, आणि रॉकेट उडवणाऱ्यांच्या क्लबात कुणी विचारलं की हा छाती काढून सांगायचा, ही माझ्या बायकोची पद्धत.

पावडरही तेव्हाच आली. थंडीत प्लास्टिकचे पदर एकमेकांना चिकटतात, म्हणून छत्रीला टाल्कम पावडर लावतात. हे आम्हाला हेंकनं सांगितलं. हेंक म्हणजे क्लबातला उंच, वाकलेला म्हातारा. त्यानं तपासल्याशिवाय कुणाचंही रॉकेट सळईवर चढत नसे. बाकीचे लोक लहान बाळांची पावडर वापरायचे. शेखरनं स्वतःची चंदनाची वापरली. हा प्राणी हॉलंडच्या थंडीतसुद्धा आंघोळीनंतर गळ्याला आणि मानेला पावडर लावायचा. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत त्याचा एक डबा असायचा. "इथे घाम येतो कुणाला रे?" मी म्हणायची. "घामासाठी कोण लावतं? वास नको का अंगाला?" हे उत्तर. शर्टांच्या कॉलरींवर पांढरा पट्टा, उशीवर तो वास, आणि आता रॉकेटच्या पोटातही तोच.

क्लबाला वर्षातले मोजकेच दिवस परवानगी असायची, तेही वारा पडला तर. न्यूनेनच्या बाहेर, कापणी झालेल्या मक्याच्या शेतात. शेणखताचा वास, दवानं भिजलेले बूट, लांबवर पॉप्लरची रांग, आणि वर एवढं मोठं आभाळ की मान दुखावी. हेंक एकेक रॉकेट हातात घ्यायचा. पंख हलवून बघायचा, आणि शेवटी दोन बोटांनी नाक ओढायचा. नाक सैल हवं, पण उलटं केलं तर पडता कामा नये. मग मोटर द्यायचा. मोटरी त्याच्याच कुलपाच्या पेटीत असायच्या.

उलटे आकडे शेखर मराठीत मोजायचा. पाच, चार, तीन, दोन, एक, आणि शून्याच्या जागी "गणपती बाप्पा". पहिल्यांदा त्यानं हे केलं तेव्हा उत्तर फक्त मीच दिलं, तेही लाजत. हेंकनं विचारलं, हे काय? शेखरनं सांगितलं, की आमच्याकडे कामाच्या सुरुवातीला असं म्हणतात आणि उत्तर सगळ्यांनी द्यायचं असतं. सगळ्यांनी म्हटल्यावर डच माणूस मागे राहतो का? पुढच्या हंगामापासून रबरी बुटांतले ते सगळे म्हातारे एका सुरात ओरडायचे, "मोरयाऽ", आणि त्यातला 'र' घशातून काढायचे. आणि फस्सकन ते वर जायचं, मागे दारूचा धूर, अगदी नरकचतुर्दशीच्या पहाटेचा वास.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्यानंतरचं. मोटर संपते, धूर संपतो, आवाज संपतो. रॉकेट नुसतं वर जात राहतं, आणि छत्री उघडेपर्यंत काही म्हणजे काही कळत नाही. त्या मधल्या वेळात सगळं शेत गप्प व्हायचं. शेखर माझं मनगट धरायचा, चांगलं दुखेपर्यंत. मग वर पांढरा ठिपका दिसायचा, पावडरीचा, आणि त्यातून केशरी छत्री. मनगट सुटायचं. इरा, तेव्हा एवढीशी, लाल बूट घालून त्या छत्रीमागे ढेकळांतून पळत सुटायची, आणि शेखर ओरडायचा, "वर बघू नकोस, पायाखाली बघ."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. शेखरच्या घरी त्याच्या वडिलांच्या पाना-पकडींची व्हायची. इथे पाटावर सोल्डरिंगची कांडी, सायकलचा पाना, त्याचा लॅपटॉप, माझा पोळपाट, आणि सगळ्यांच्या मध्ये त्या वर्षीचं नवं रॉकेट. दसऱ्याला सोनं द्यायला आपटा कुठून आणणार? पण आमच्या रस्त्याला दुतर्फा गिंकोची झाडं आहेत. पान मधोमध दुभंगलेलं, आणि ऑक्टोबरात नुसतं पिवळंधमक. आपट्यापेक्षा हेच जास्त सोन्यासारखं, असं शेखरचं मत. फळांचा वास विचारू नका, नाक मुठीत धरून वेचावी लागतात पानं. त्यातलं एक पान तो रॉकेटच्या पोटात ठेवायचा. प्रवासी म्हणून.

आणि त्याचा एक नियम होता. पूजा केलेलं हत्यार बसवून ठेवायचं नाही. पुढच्या दसऱ्याच्या आत ते उडालंच पाहिजे.

शेवटच्या वर्षी त्यानं पूजा केली, छत्रीची घडी घातली, पावडर लावली, पान ठेवलं, नाक बसवलं, आणि रविवारी वारा पडेल का म्हणून खिडकीतून बघत राहिला. वारा पडला नाही. पुढच्या रविवारी तो नव्हता. त्या मधल्या आठवड्याबद्दल मी लिहिणार नाही.

त्यानंतर पुण्याहून माझी नणंद आली. तिनं घर आवरलं, कपडे दिले, न्हाणीघरातली फळी पुसून लख्ख केली. चंदनाच्या पावडरीचा डबा त्यातच गेला. तिचा काय दोष, जवळजवळ रिकामाच होता तो. मला कळलं तोवर कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. पुढे आइंडहोवनच्या भारतीय दुकानात तीच पावडर मिळाली. डबा नवा, चित्र नवं. घरी आणून उघडली तर वासही नवा. म्हणजे चंदनच, पण दुसऱ्या कुणाचं तरी. ती मी तशीच ठेवून दिली. उशीचा वास उशीच्या मानानं टिकला, मग तोही गेला. वास आठवता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. चेहरा आठवतो, आवाज थोडा थोडा आठवतो. वास नाही.

रॉकेटची पूजा मात्र मी सोडली नाही. दर खंडेनवमीला स्टुलावर चढायची आणि कपाटावरच त्याला हळद-कुंकू वाहायची. नाक गुळगुळीत, त्यावर कुंकू ठरायचं नाही. नाक आणि नळी जिथे मिळतात तिथे खाच आहे, तिथे ते छान बसायचं. दूध-साखरेचा नैवेद्य दाखवून त्यातलाच एक थेंब टोकावर सोडायची, तो ओघळून त्याच खाचेत यायचा. वर अक्षता. पुसायचं नाही, पूजेचं कुंकू कोण पुसतं? असे थरावर थर चढत गेले. नियम मोडतोय हे ठाऊक होतं. दर वर्षी त्याला सांगायची, "एवढं वर्ष राहू दे."

इरा आता डेल्फ्टला शिकते. तिथल्या मुलांनी मिळून खरं, माणसाएवढं रॉकेट बांधायला घेतलं आहे आणि ही त्यात छत्रीचं काम बघते. दसऱ्याला परीक्षा होती म्हणून ती या शनिवारी आली. जेवताना शांतपणे म्हणाली, "आई, उद्या क्लबचा दिवस आहे. हेंककाकांशी बोलले मी. बाबाचं रॉकेट नेऊया."

तिचं हे नेहमीचं. मी मराठीत बोलायचं, तिनं डच नाहीतर इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं. पण हे वाक्य तिनं मराठीत पाठ करून आणलं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

"नाही," मी म्हटलं.

"व्हाय नॉट?"

"हरवलं म्हणजे? झाडावर अडकलं, कालव्यात पडलं म्हणजे? परत कोण बनवून देणार आहे?"

"आई, इट्स अ रॉकेट. इट वॉन्ट्स टू फ्लाय."

"त्याला काय हवं ते तू मला शिकवू नकोस."

भांडणारी मुलगी परवडते, ही गप्प बसते आणि बापासारखी नखानं टेबल टोकरते. मग डचमध्ये काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, नीट बोल. तेव्हा म्हणाली, की मला बाबाचे फक्त फोटो आठवतात. तो माणूस आठवत नाही, फोटो आठवतात. एक तरी गोष्ट त्याच्याबरोबर पुरी करायची आहे.

मी स्टूल आणलं आणि रॉकेट खाली काढून दिलं. निदान बघू दे, म्हटलं. बघून परत ठेवू.

तिनं ते सराईतासारखं हातात घेतलं, पंख हलवून पाहिले, आणि दोन बोटांनी नाक ओढलं. नाक हललं नाही. पुन्हा ओढलं. मग तिनं खाचेकडे डोळा नेला.

"हेट झिट वास्ट," ती म्हणाली. घट्ट बसलंय. आणि माझ्याकडे वळून, "आई, हे काय आहे? कुंकू?"

"कुंकू. आणि दूध-साखर."

"यू ग्लूड इट." तिला हसू आवरेना. "दुधापासून लोक गोंद करतात, आई. असं उडवलं असतं तर छत्री बाहेरच आली नसती. सरळ खाली."

मी हसले नाही. इतकी वर्षं मी त्याची पूजा करत होते, आणि पूजा करून करून मी त्याची वाट बंद करून ठेवली होती.

इरानं वाटीत कोमट पाणी घेतलं, जुन्या धोतराचा तुकडा घेतला आणि खाच भिजवायला लागली. थर सुटायला लागले. लाल, खाली काळपट लाल, खाली तपकिरी. फडकं असं झालं की बघवेना. मी तिच्या हातातून ते घेतलं आणि उरलेलं मीच पुसलं. सगळ्यात तळाशी एक छोटा, पुसट ठिपका निघाला, नीट गोल. तो माझा नव्हता. मी बोटभर कुंकू लावते. शेखर करंगळीनं लावायचा. तेवढा मी राहू दिला.

नाक सुटलं, आणि आतून शेखर आला.

दुसरं काय म्हणू? चंदनाची पावडर, आणि तिच्या मागे हलकासा गोंद. आंघोळ करून तो मागून येऊन उभा राहायचा तसा. मी खुर्ची धरली. इराचा चेहरा मी बघत होते. तिनं आधी नुसता श्वास घेतला, मग नळी नाकाशी नेली, आणि तिचे डोळे कुठेतरी लांब गेले. "बाबा," ती म्हणाली. विचारल्यासारखं नाही, ओळखल्यासारखं.

"आठवला?"

तिनं मान हलवली. मग आम्ही दोघी वेड्यासारख्या त्या पुठ्ठ्याच्या नळीत पाळीपाळीनं नाक घालत बसलो. ताटातलं निवून गेलं.

शेवटी नळीचं तोंड मीच तळहातानं झाकलं. "आता हे बंद करू," मी म्हटलं. "परत बसवू नाक. कधीतरी उघडू, थोडं थोडं."

इरा हळूच म्हणाली, की छत्री इतकी वर्षं दुमडलेली आहे, तिला तशीच घडी बसली असणार. उडवायचं असेल तर ती घडी मोडून परत घालावी लागेल. नसेल उडवायचं तर ठेवू. तू म्हणशील तसं.

म्हणजे पोरीनं सगळं माझ्यावर टाकलं. मला तो वास हवा होता, देवाशप्पथ हवा होता. पण हात नळीवर होता, आणि हाताखाली तो शेखरचा ठिपका. बसवून ठेवायचं नाही, तो म्हणायचा. आणि मी तर बसवूनच नव्हतं ठेवलं, चिकटवून ठेवलं होतं.

मी हात काढला. "घडी तू मोड," इराला म्हटलं. "माझी आई नवी साडी आणली की घडी मोडायला आधी मला द्यायची."

पान आधी निघालं. तपकिरी, आणि बोट लागताच चुरा झालं. मग छत्री. अर्धी, परत अर्धी, त्रिकोण. माझी घडी, त्याच्या हातची. इरानं टोक धरलं, पदर कुरकुरत सुटले, आणि टेबलावर थोडी पांढरी पावडर सांडली. ती मी बोटानं गोळा केली आणि पुन्हा छत्रीलाच लावली. नव्या डब्यातली घेतली नाही. घडी मी घातली. पान इरानं बाहेरून आणलं, ताजं पिवळं.

काल सकाळी धुकं होतं आणि वारा नव्हता. शेत तेच, खताचा वास तोच. हेंक आता काठी घेऊन येतो. त्यानं रॉकेट हातात घेतलं, पंख हलवले, दोन बोटांनी नाक ओढलं. ते अलगद निघालं. तो वाकलेला माणूस क्षणभर तसाच थांबला, वास त्यालाही आला असावा. मग नाक परत बसवून म्हणाला, "मोय," छान, आणि पेटीतून सी मोटर काढून दिली.

आकडे मोजायचे मी, असं ठरलं होतं. मला पाचच्या पुढे जाता येईना. तेव्हा बाजूनं इरानं मोजायला घेतलं. चार, तीन, दोन, एक. मराठीत. बापानं तिला आकडे असेच शिकवले होते, उलटे. तिला सरळ शंभरपर्यंत येत नाहीत, हे उलटे येतात. आणि शून्याच्या जागी ती थांबली, माझ्याकडे बघत.

"गणपती बाप्पा," मी म्हटलं. कशीबशी.

मागून आलं, "मोरयाऽ". आधीपेक्षा थोड्या गळ्यांतून, पण तोच घशातला 'र'.

ते गेलं. फस्सकन, सरळ, धुक्यातून वर. धूर संपला, आवाज संपला, आणि तो मधला वेळ आला. शेत गप्प. माझं मनगट मोकळं होतं. मीच ते दुसऱ्या हातानं धरलं. उघडणार नाही, मला वाटलं, माझ्या हातून कुठेतरी चुकलंय. मग धुक्याच्या वर, उजेडात, पांढरा ठिपका फुटला. तो तिथेच राहिला, आणि केशरी छत्री त्यातून खाली निघून आली. मी छत्रीकडे बघितलंच नाही. त्या पांढऱ्याकडे बघत राहिले, ते पातळ होत होत आभाळाच्या रंगाचं होईपर्यंत. इरा ढेकळांतून पळत सुटली होती. मी ओरडले, "वर बघू नकोस, पायाखाली बघ."

तिनं रॉकेट आणून माझ्या हातात दिलं. नळी अजून कोमट होती. मी नाकाशी नेली. नरकचतुर्दशीची पहाट, जळकी दारू. दुसरं काही नाही. पान कुठे उडालं कोण जाणे. छत्री हुंगून बघितली, तिलाही तोच जळका वास. इरानं विचारलं नाही, माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. मग मी त्या शेतात, सगळ्यांसमोर रडले. त्याच्या दहाव्याला रडले नव्हते अशी. हेंक काठी टेकत आमच्याकडे पाठ करून उभा राहिला, आणि त्यामुळे बाकीचेही पलीकडे वळले.

रॉकेट घरी आणून परत कपाटावर ठेवलं, नाक सैल बसवून.

आणि आज सकाळी मेल आलं. हॅलो शेखर, तुझ्यासाठी नवीन. मी ओट्यापाशी उभी राहून ते वाचत होते. चिवचिवणाऱ्या पेटीचं चित्र बघत होते. हीटिंग लागलं, आणि थोड्या वेळानं कपाटावर झालं, टिक.

माझं तोंड उघडलं आणि मिटलं. आत काही नाही, मी मनाशी म्हटलं. रिकामा पुठ्ठा तापलाय. कालच तर डोळ्यांनी बघितलंस.

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. दबका, झोपेतून उठलेला.

"काय रे?"

इरा होती. अंगावर बापाचा जुना स्वेटर, केस विस्कटलेले. तिनं कपाटाकडे बघून म्हटलं होतं, अगदी माझ्यासारखं, शेवट ओढून. म्हणजे इतकी वर्षं वरच्या खोलीत दप्तर भरताना पोरगी सगळं ऐकत होती. एकदाही बोलली नव्हती.

मी डोळे पुसले आणि पातेलं शेगडीवर ठेवलं.

"चहा टाक म्हणतोय," मी म्हटलं. "तिघांचा."